मे महिन्यातली सहल आणि लहान मुले

आमच्या अचलपूर तालुक्यात शेती करणाऱ्या घराला फिरायला जाण्याची सवड मिळते ती उन्हाळ्यातच. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची काढणी आटोपत आलेली असते आणि कापसाची वेचणी भरात असते. पुढे तूर, हरभरा, गहू एकामागून एक घरात येतात आणि एप्रिल सरता सरता कुठे हात मोकळे होतात. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे ‘लहान मुलांना घेऊन हिवाळ्यातच जा’ हा सल्ला कितीही बरोबर असला तरी आमच्या उपयोगाचा नाही. संत्र्याचे ओलित दिरांवर सोपवून आम्ही निघतो, तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. माझी मोठी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. त्यांना घेऊन केलेल्या प्रवासांतून जे कळले, ते माझ्यासारख्या आयांसाठी लिहीत आहे.

पहिल्या वेळी माझी मोठी चूक झाली. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. घरची कामे उरकून निघायला दहा वाजले, परतवाड्याला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले आणि ‘पोटाला आधार हवा’ म्हणून मी तिला बसस्थानकावर पेलाभर दूध पाजले. चिखलदऱ्याचा घाट लागताच तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिने ते सगळे ओकून टाकले. त्यानंतर ती मांडीवर निपचित पडून राहिली, पाणी पिईना, आणि संध्याकाळपर्यंत तिला लघवी झाली नाही. तिथल्या दवाखान्यातल्या परिचारिकेने मला समोर बसवून जलसंजीवनी कशी द्यायची ते शिकवले. पुडीवर लिहिलेल्या मापाप्रमाणे, बहुतेक पुड्यांना एक लिटर, उकळून थंड केलेले पाणी घ्यावे. कमी पाण्यात दाट करू नये. पेला तोंडाला न लावता दर मिनिटाला एक-एक चमचा पाजावा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी, आणि २४ तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. पुडी जवळ नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तोंड कोरडे पडले असेल, लघवी फार वेळ झाली नसेल किंवा मूल सुस्त झाले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. गाडी नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, त्याला अंगावर अधिक वेळा पाजावे.

तेव्हापासून आम्ही पहाटेच निघतो. मुले झोपेतच बसमध्ये चढतात आणि ऊन तापण्याआधी घाट संपलेला असतो. घाटाआधी तास-दीड तास दशमीचा तुकडा किंवा मूठभर मुरमुरे एवढेच द्यावे. दूध, तळलेले आणि गोड टाळावे. बसमध्ये पुढच्या भागातली जागा धरावी, मुलाला समोरचा रस्ता पाहू द्यावा आणि हातात मोबाइल मुळीच देऊ नये. उलटीचे औषध दुकानातून परस्पर न घेता डॉक्टरांना मुलाचे वजन सांगून घ्यावे. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, बारा वर्षांपर्यंत अर्धे लागते आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धेच लागते. म्हणून वाचलेल्या पैशांत एक रात्र जास्त राहावे, असे माझे मत आहे.

ठिकाण निवडताना मुलाच्या पायांचा विचार आधी करावा. चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर असल्याने तिथली रात्र सुखाची असते, पण दुपारचे ऊन तिथेही ऊनच असते. भीमकुंडासारख्या दरीच्या काठावरच्या जागी मुलाचे बोट धरू नये, मनगट धरावे. वानर दिसताच हरखून माझी मुलगी बोट सोडवून धावली होती, आणि हात कसा निसटला हे मला कळलेही नाही. वानरांसमोर मुलाच्या हातात खाऊ ठेवू नये. ताडोब्याची सफारी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. उघड्या जिप्सीत सुमारे चार तास, खाली उतरण्याची मोकळीक नाही आणि गप्प बसायचे, हे त्या वयाला झेपत नाही. लोणारच्या विवरात उतरणे सोपे वाटते, पण चढताना मूल कडेवरच येते. त्यामानाने सेवाग्राम फार चांगले. गांधीजी १९३६ मध्ये जिथे राहायला आले त्या आश्रमात झाडांची दाट सावली आहे, कुटीचे बसके दार आणि मातीच्या भिंती मुलांना आपल्या मापाच्या वाटतात, आणि अंगणात पळायला जागा आहे.

दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी किंवा चार वाजल्यानंतर, एवढाच बेत आम्ही करतो. अकरा ते चार खोलीत पंख्याखाली वरणभात आणि झोप. यंदा चिखलदऱ्याला दोन पॉइंट पाहायचे राहिले, कारण राहत्या जागेच्या आवारात गुलमोहराखाली पडलेल्या वाळक्या शेंगा मुलांना सापडल्या होत्या. धाकटा एकेक शेंग कानाशी धरून खुळखुळवायचा आणि ताईला ऐकायला द्यायचा. तासाभराने तिथून त्यांना उठवून दरी दाखवायला नेण्यात मला काही अर्थ दिसला नाही.

हातातल्या पिशवीत जलसंजीवनीच्या दोन पुड्या, चमचा, पाण्याची बाटली, ओला पंचा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड असावा, आणि ती पिशवी घराच्या दारापर्यंत हातातच राहू द्यावी. यंदा उतरताना घाट नीट पार पडला म्हणून मी ती परतवाड्याला मोठ्या सामानाबरोबर डिकीत ठेवायला दिली, आणि धाकट्याला उलटी झाली ती गाव चार किलोमीटरवर आले असताना.