पेशी नसतानाही जांभळं झालं तेव्हा

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, औषध म्हणतात. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा मी बारावीला होते. शेजारच्या काकांना शेतातच डोळ्यांपुढे अंधारी आली. आठ दिवस दवाखान्यात होते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला प्रोफेनोफॉस हे फवारणीचं औषध घ्यायचं, हे त्यामुळे माझं कधीच ठरलं होतं.

हे औषध मुळात मज्जातंतूंतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) अडवतं. पण यकृतातही ते ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतं, पेशीला त्या ताणापासून वाचवणारं ग्लुटाथायोन खर्ची पडतं. ग्लुटाथायोन वापरून हा ताण कमी करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागतं, म्हणून सेलेनियमचे नॅनोकण करून बघायचे ठरवले. तुळशीच्या पानांचा काढा, त्यात सोडियम सेलेनाइट, आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी फ्लास्क विटकरी लाल! एवढं सोपं काम पुढे एकही झालं नाही.

यकृताच्या हेपजी-टू पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणल्या. पहिला महिना बुरशी-बॅक्टेरियातच गेला. पेशी वाढवायचं लालसर माध्यम सकाळी पिवळं, गढूळ दिसलं की पोटात गोळा यायचा.

मग एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून बघायची चाचणी. पिवळा एमटीटी घातला की जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटरला मोजायचे. जितकं गडद, तितक्या पेशी जिवंत. 96 वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये नुसत्या औषधाची ओळ फिकट, औषध अधिक नॅनोकण ही ओळ मस्त गडद. मी लगेच फोटो काढून माझ्या मार्गदर्शक मॅडमना पाठवला. उत्तर आलं, “पेशी नसलेले वेल कुठे आहेत?”

ते मी लावलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी लावले: फक्त माध्यम, नॅनोकण, एमटीटी. पेशी एकही नाही. दोन तासांत जांभळं.

कणांना चिकटलेली तुळशीतली पॉलिफेनॉल्स स्वतःच एमटीटीचं क्षपण (रिडक्शन) करून त्याला जांभळं करत होती. शिवाय कणांचा विटकरी रंग रीडिंगमध्ये मिसळत होता, तो वेगळाच. माझं ‘संरक्षण’ बरंचसं काढ्याचं होतं. त्या रात्री जेवले नाही.

पुन्हा सुरुवात केली. एमटीटी घालण्याआधी पेशी दोनदा बफरने धुवायच्या, जोडीला ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. निळी ती मेलेली. आणखी एक शंका मॅडमनीच काढली: औषध आणि कण एकत्र घातले, तर कण माध्यमातच औषध धरून ठेवत असतील, पेशीपर्यंत ते पोचतच नसेल. म्हणून आधी 24 तास कण, मग धुणं, मग औषध. एवढं सगळं केल्यावर उरलं ते थोडंसं संरक्षण, तेही कणांच्या कमी मात्रेला. मात्रा वाढवली की कणच पेशी मारायचे. सेलेनियमचं असंच आहे, हवं ते आणि विष यांत अंतर फार थोडं. प्रबंधात फिकट आलेख तसाच लावला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग हे पाजलं तं मानूस वाचते का?”

“नाही बाबा. प्लेटमधल्या पेशी आहेत त्या, तेही यकृताच्या कॅन्सरच्या.”

“हं,” म्हणाले, आणि गळकं वायसर काढून नवं बसवू लागले. पाठीवर औषध झिरपायचं ते तिथूनच.