‘सोजर्न’ : काही काळाचे राहणे
‘सोजर्न’ हे इंग्रजी क्रियापद आज क्वचितच वापरले जाते. एखाद्या ठिकाणी कायमचे न वसता काही काळ राहणे हा त्याचा अर्थ असून, जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘दिवस’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हल्ली त्याला निवांत प्रवासाची छटा आली आहे. पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दुष्काळामुळे मिसर देशात गेलेल्या अब्रामाच्या तिथल्या राहण्यासाठी हेच क्रियापद येते. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या कुटुंबांविषयी इंग्रजीत लिहिताना ते मला अगदी योग्य वाटते, कारण त्यांचे घर आणि रेशनकार्ड गावीच असते.