तुमची जुनी फाइल उघडेल, पण मराठी नीट दिसेल का?

डीटीपी सॉफ्टवेअर, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायची टूल्स, विकणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइट मी बारकाईने वाचते, पुस्तकांची मांडणी हेच काम आहे त्यामुळे वाचावंच लागतं. आणि एवढ्या वर्षांत माझं पक्कं मत झालंय की या धंद्यात सगळ्यात जास्त विकला जातो तो एकच भरवसा, तुमची जुनी फाइल आमच्याकडे उघडेल. डिझाइन वगैरे सगळं त्याच्या मागून येतं.

याची सुरुवात बघायची तर क्वार्क आणि अडोबीची लढाई बघा. नव्वदच्या दशकात मोठ्या मासिकांचं काम क्वार्कएक्सप्रेस या क्वार्कच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर चालायचं, १९९८ मध्ये तर क्वार्कने अडोबीच विकत घ्यायची ऑफर दिली होती. पुढच्याच वर्षी अडोबीने इनडिझाइन हे स्वतःचं मांडणीचं सॉफ्टवेअर आणलं आणि ते क्वार्क ३.३ आणि ४ च्या फायली थेट उघडायचं. ज्याच्याकडे जुन्या अंकांचा ढीग पडलाय त्याला नवीन टूल घ्यायला लावायचं तर आधी त्या ढिगाची काळजी मिटवावी लागते, हे अडोबीला बरोबर कळलं होतं. मग २००३ मध्ये क्रिएटिव्ह सूट आला, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरसोबत इनडिझाइन त्याच गठ्ठ्यात, म्हणजे वेगळं विकायची गरजच उरली नाही.

या भांडणात मधल्या फटीत छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. मार्कझवेअर नावाची कॅलिफोर्नियातली कंपनी आहे, तिच्या टूल्सची नावंच बघा, क्यूटूआयडी म्हणजे क्वार्कमधून इनडिझाइनमध्ये, पबटूआयडी म्हणजे मायक्रोसॉफ्ट पब्लिशरमधून इनडिझाइनमध्ये. नावातच जाहिरात झाली. ज्याची फाइल अडकलीय तो माणूस रात्री गूगलवर जे शब्द टाइप करतो नेमके तेच शब्द पानाच्या मथळ्यात असतात, खाली छोटा व्हिडिओ, कुठली आवृत्ती चालते त्याची यादी. मला ही पद्धत खरंच आवडते, कारण गिऱ्हाइकाची अडचण काय आहे हे यांना माहीत आहे आणि ते सरळ तिथेच बोट ठेवतात. सेरिफ या दुसऱ्या कंपनीनेही तेच केलं, २०१९ मध्ये अॅफिनिटी पब्लिशर हे मांडणीचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा एकदाच पैसे भरा, दर महिन्याचं भाडं नाही हा मुद्दा पुढे ठेवला, आणि वर्षभरात आयडीएमएल, म्हणजे इनडिझाइनमधून दुसरीकडे न्यायच्या फायली, उघडायची सोय दिली म्हणजे इनडिझाइनवाले येऊ शकतील. २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून अॅफिनिटी फुकटच झालं.

आता आपल्याकडे या. २००४ मध्ये अडोबीने पेजमेकर या आपल्या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरचं काम थांबवलं आणि त्या लोकांसाठी इनडिझाइनची खास पेजमेकर आवृत्ती काढली, तशीच टूलबार, तशा सोयी, या आता इकडे. पण आपल्या प्रेसमध्ये पेजमेकर ७ त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होतं आणि त्याला आळस म्हणणं चूक आहे. आपला मजकूर श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा मराठी पॅकेजेसच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, प्रत्येकाचं एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या अक्षराला आत कुठला आकडा हे, वेगळं, फॉन्ट बदलला की अख्ख्या पानाचा चिवडा. ऑपरेटरचे हात त्या कीबोर्डवर बसलेले, क्लासमध्येही पेजमेकर आणि कोरलच शिकवायचे. आणि इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे सगळीकडे एकच एन्कोडिंग असलेली, अधिकृतपणे चालायला २०१२ चं सीएस६ उजाडलं. म्हणजे या म्हणून बोलावलं २००४ मध्ये आणि बसायला जागा झाली आठ वर्षांनी. तीसुद्धा वर्ल्ड रेडी कंपोझर हे अक्षरं जुळवणारं सेटिंग निवडलं तरच, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.

आपली मराठी पॅकेजेसही ज्या पद्धतीने विकली गेली त्याबद्दल मला वाईट वाटतं. फॉन्ट किती, हे सगळ्यात मोठ्या टाइपात. फॉन्टच्या नमुन्यांची पुस्तिका यायची, नंबर आणि समोर अक्षर, ती बघत बसायला मजा यायची हे खरं, आणि त्यातले काही फॉन्ट इतके सुंदर होते की आजही लग्नपत्रिकेत तेच दिसतात. पण हा मजकूर उद्या दुसरीकडे नेता येईल का याबद्दल माहितीपत्रकात ओळ नसायची. कॉम्प्युटरच्या मागे लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असं छोटं उपकरण, लावायचं, लॉक बिघडलं की काम बंद. मी एका कंपनीकडे जुनं पुस्तक युनिकोडमध्ये कसं आणायचं विचारलं तर कन्व्हर्टर वेगळा विकत घ्या म्हणाले. लेखकाचा मजकूर लेखकाचा आहे, तो बाहेर काढायला पुन्हा पैसे मागणं मला अजिबात पटत नाही.

परदेशी टूल्सच्या पानांवर भाषांची लांबलचक यादी असते, त्यावर जाऊ नका. बऱ्याचदा ती मेनूच्या भाषांची किंवा स्पेलचेकची असते, अक्षरं नीट जुळतात का हा प्रश्नच वेगळा. अॅफिनिटी पब्लिशर दुसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी जोडू शकत नव्हतं, आयडीएमएल उघडायची पण मराठी परिच्छेद तुटलेला. म्हणून ट्रायल घेतली की मी आधी "विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या राष्ट्रीय शिबिरात" एवढं टाइप करते. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर, दुसऱ्या मधला अर्धा र, ष्ट्र, आणि शिबिरच्या दोन वेलांट्या, सगळं एका ओळीत तपासून होतं. मग पीडीएफ काढायची, त्यात "राष्ट्रीय" शोधायचं आणि तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करायची. छापायला पीडीएफ छान दिसते पण पेस्ट केल्यावर अक्षरं गायब, असं पुष्कळदा होतं, आणि ईबुक करायची वेळ आली की मग रडायची पाळी.

ज्याची जाहिरात कुणीच करत नाही ते स्क्रायबस नावाचं मांडणीचं सॉफ्टवेअर या परीक्षेत पास होतं बरं का. २०२४ च्या सुरुवातीला त्याची १.६ आवृत्ती आली, त्यात देवनागरी जुळते, फुकट आहे, दिसायला जुनाट आहे आणि शिकायला वेळ लागतो. पण विकणाराच कुणी नाही त्यामुळे क्लासवाले शिकवत नाहीत आणि प्रेसवाल्यांना नावही माहीत नाही.

आणि आत्ता घाईची गोष्ट. ऑक्टोबर २०२६ मध्ये मायक्रोसॉफ्ट पब्लिशर बंद होतंय. शाळांची नियतकालिकं, सोसायटीचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका त्यात केलेल्या असतात, त्यामुळे "पब्लिशरमधून आमच्याकडे या" म्हणणाऱ्या जाहिराती आता दिसतीलच. पैसे भरायच्या आधी तुमच्या स्वतःच्या फाइलचं मराठी पान त्यांच्याकडून उघडून मागा, ट्रायल असेल तर स्वतः उघडा, आणि काहीही ठरवलं तरी सगळ्या फायलींच्या पीडीएफ आजच काढून ठेवा, मजकूर वेगळा वर्डमध्ये, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये.