सुया पडल्या, एक सोडून

जायरोकॉप्टर शिकवणाऱ्या सरांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी, पूर्ण मागे घेतला तेव्हा आम्ही २००० फुटांवर होतो आणि खाली नदीचं मोठं वळण होतं. त्याआधीचा आठवडा वर्गात गेला. हवामान, नियम, नकाशे सगळं मन लावून शिकवलं, पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या एका मिनिटाबद्दल.

प्रवास तसा छोटाच. एका गवताळ धावपट्टीवरून उडायचं, नदी धरून जायचं आणि दुसऱ्या धावपट्टीवर उतरायचं. दोन सीटचं उघडं जायरोकॉप्टर, डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा पात्यांचा रोटर. पुढे मी, मागे सर, त्यांच्या पाठीशी १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन आणि मागून ढकलणारा प्रोपेलर. तेल ५० अंशांपर्यंत तापल्याशिवाय निघायचं नसतं. गार सकाळी ती सुई फार सावकाश सरकते. मग प्रीरोटेटरने, म्हणजे उड्डाणाआधी रोटर फिरवून देणाऱ्या यंत्रणेने, रोटरला मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास आणायचं, स्टिक (हातातली नियंत्रणाची दांडी) पोटाशी धरायची आणि ब्रेक सोडायचे. इथे घाई अजिबात खपत नाही. रोटर अजून संथ असताना जमिनीवर वेग वाढवला, तर पाती फडफडून शेपटीवर आदळू शकतात.

हवेत गेल्यावर इंजिनाचा आणि रोटरचा संबंध संपतो. हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवतं आणि हवा वरून खाली ओढली जाते. जायरोचा रोटर किंचित मागे कललेला असतो, हवा खालून वर त्यातून जाते आणि तीच त्याला फिरवत ठेवते. झाडावरून गरगरत खाली येणाऱ्या पंखवाल्या बीसारखं. म्हणून पॅनेलवर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी एक तबकडी आणि रोटरच्या फेऱ्यांची वेगळी. हल्ली हे सगळं एकाच पडद्यावर आकड्यांत दाखवतात. मला ते पटत नाही. आकडा वाचावा लागतो, सुई डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळते.

काचेवर लोकरीचा एक लाल दोराही चिकटवलेला होता. त्याचं मोकळं टोक उजवीकडे गेलं की डावा पाय दाबायचा, डावीकडे गेलं की उजवा. अर्धा तास मी त्या दोऱ्याच्या सांगण्यावरूनच पेडल मारत होते, आणि सगळ्या पॅनेलमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो त्याच्यावर.

तर थ्रॉटल मागे आला. पाठीमागचा आवाज एकदम बसला. "नाक वर धरा, अजून थोडं," सर म्हणाले. वेगाची सुई ताशी १२० किलोमीटरवरून ९०, ६०, ४० अशी पडत गेली आणि मग त्या तबकडीकडे बघण्यात अर्थच उरला नाही. चढ-उतार दाखवणारी सुई खाली झुकली, मिनिटाला हजार फुटांच्याही पलीकडे. तोंडावरचा वारा थांबला. दोरा सैल पडला, काचेवर जरा घुटमळला आणि सावकाश वर उभा राहायला लागला, कारण हवा आता पायाखालून येत होती. विमानात हे झालं असतं तर पंखांनी केव्हाच साथ सोडली असती. माझी मूठ स्टिकवर आवळली गेली.

"रोटर बघा."

३४०. मघाशी सरळ उडतानाही तेवढाच होता. दोन-चार फेऱ्या इकडेतिकडे, बस. डोक्यावरून पात्यांचा जड, एकसुरी फडफडाट येत होता आणि आम्ही जवळजवळ सरळ खाली उतरत होतो.

हुआन दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश अभियंत्याला नेमकं हेच हवं होतं. त्याचं तीन इंजिनांचं विमान १९१९ मध्ये वेग कमी पडून कोसळलं. तेव्हापासून वेग गेला तरी न कोसळणारं यंत्र करायचं हाच त्याचा ध्यास, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचा ऑटोजायरो, म्हणजे जायरोकॉप्टरचा पूर्वज, उडाला. १९३६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून धुक्यात निघालेलं एक साधं प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच पडलं, त्यात तो गेला. त्या सुईकडे बघताना मला त्याची फार आठवण झाली आणि गळा दाटून आला.

"उंची किती?" सरांनी विचारलं.

मी अल्टिमीटरकडे पाहिलंच नव्हतं. १२००. चांगली बातमी देणाऱ्या सुईला मी इतकी चिकटले होते की जमीन वर येतेय याचं भानच नव्हतं. रोटर छान फिरतोय एवढंच ती सुई सांगते, खाली किती जागा उरलीय हे तिला ठाऊक नसतं. आणि पुढे वेग नसताना नुसता थ्रॉटल देऊनही लगेच सुटका होत नाही. आधी नाक हळू खाली न्यायचं, वेग घ्यायचा, मग ताकद. यात उंची खर्च होते.

हळू, कारण स्टिक झटक्यात पुढे ढकलली आणि अंग सीटवरून हलकं झालं, की रोटरवरचा भार जातो आणि फेऱ्या घसरतात. वर हवेत इंजिन चालू असलं तरी त्याला ते वाचवू शकत नाही. जायरो स्टॉल होत नाही, म्हणजे वेग कमी पडला म्हणून विमानासारखा कोसळत नाही, हे खरं, पण त्याचं मरण या झटक्यात आहे. घट्ट वळणात मी याच्या उलट पाहिलं होतं. अंग जड झालं तशी रोटरची सुई आपणहून वर गेली होती. मी दोन बोटांनी स्टिक सोडली, दोरा काचेवर पुन्हा मागे झोपला, वेग १००वर आला आणि सरांनी थ्रॉटल दिला.

पुढची वीस मिनिटं नदी, शेतं, थंडीने बधिर झालेले गुडघे. उघड्या जायरोत आराम नावाची गोष्ट नाही, आणि हातमोजे पातळ घेतल्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

उतरलो. चाकं टेकल्यावर आम्ही जेमतेम काही मीटर धावलो असू. इंजिन बंद केलं तरी रोटर फिरतच होता, आणि तो थांबेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही, आपणही उतरायचं नाही. ८०. ५०. पात्याची सावली माझ्या मांडीवरून जात राहिली, आधी नुसती थरथर, मग एक-एक वेगळी मोजता येईल अशी.