घूंऽऽ ऐकायला बर्लिन कशाला?

एकच सूर तासन्‌तास घुमत राहतो असलं संगीत मी ऐकते, आणि त्यासाठी बर्लिनलाही जाऊन आलेय. त्यावर प्रश्न ठरलेला असतो. "हे घरी हेडफोन लावून ऐकता येत नाही का?" लग्नाच्या पंगतीत येतो, एस.टी.त येतो. दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात हत्यारं घातल्यावर विचारलं, म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं. मोठ्या जाऊबाई त्या मानाने सरळ. "तेवढ्या पैशात चारधाम झालं असतं गं." झालं असतं. मी हिशेब करून बघितलाय, दोघांचं झालं असतं.

गेल्या महिन्यात माझ्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर एक सहकारी माइकवर म्हणाला, "मॅडमनी तीस वर्षं उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर ऐकला, आणि रजा काढून जर्मनीला गेल्या तर तिथेही तोच ऐकून आल्या." सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. म्हणून एकदाच लिहून टाकते.

तो काही चुकीचं बोलला नव्हता. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या पत्र्या विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतात आणि आखडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा. पेटीवर लावून बघा, मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. २२० केव्हीच्या यार्डात रात्रपाळीला बसलं की हा सूर आधी कानात असतो, मग दातांत, आणि तासाभराने कुठेच नसतो. बंद पडला तरच कळतो. ला मॉन्ट यंग नावाचा अमेरिकन संगीतकार लहानपणी विजेच्या तारांचा आणि ट्रान्सफॉर्मरचा असलाच आवाज ऐकत बसायचा, आणि १९६२ सालच्या त्याच्या एका रचनेच्या नावातच स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये एकटी होते. खुर्चीवरून उठून यार्डाकडे तोंड करून उभी राहिले होते. कोणी पाहिलं नाही, बरं झालं.

आता माझं जुनं उत्तर. पंधरा वर्षं मी हेच द्यायचे, आणि ते लोकांना आवडायचंही. मी म्हणायचे, अहो, हे परकं नाहीच. ही तर आपल्या तंबोऱ्याची नातवंडं. याच यंगने आणि टेरी रायली या त्याच्या संगीतकार मित्राने १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा गंडा बांधला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. वहीद खाँ आणि अब्दुल करीम खाँ चुलतभाऊ, आणि करीम खाँ म्हणजे आमची मिरज. सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतो, आणि एका जागी आल्यावर तार अचानक उघडते, एका सुरातून दहा सूर बाहेर पडतात. बर्लिनची मुलं यंत्राच्या खुंट्या फिरवून तेच करतात. असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो. विषय संपतो.

हे उत्तर खोटं नाही, पण ते उत्तरच नाही. यातलं एकेक वाक्य खरं आहे आणि सगळी मिळून फसवणूक आहे. प्राणनाथ मिरजेचे नव्हते. मी दोन चुलतभावांचा धागा ओढून-ताणून माझ्या गल्लीपर्यंत आणला, कारण मला परवानगी हवी होती. 'आपलंच आहे' म्हटलं की पैसे उधळल्यासारखे वाटत नाहीत, मूळ शोधायला गेल्यासारखं वाटतं. तंबोराच ऐकायचा असता तर घरापासून दहा मिनिटांवर, चालत, फुकट ऐकता आला असता. तिथे मी वर्षानुवर्षं गेलेही नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मला पेपरातून कळलं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावाही मीच देते. या संगीताला 'अँबियंट' हे नाव ज्याने दिलं तो ब्रायन इनो १९७५ च्या सुरुवातीला अपघात होऊन घरी पडून होता. मैत्रिणीने हार्पची तबकडी आणून दिली होती. लावून परत आडवा झाला आणि लक्षात आलं, आवाज अगदी बारीक आहे, वर एक स्पीकर बंद. उठायची ताकद नव्हती. मग पावसाच्या आवाजात मिसळून जेवढं येत होतं तेवढंच ऐकलं, आणि त्यातून त्याला सुचलं की संगीत असंही असू शकतं, उजेडासारखं, खोलीत नुसतं असणारं. म्हणजे जन्मच मुळी घरी, बिछान्यावर. विमानाचं तिकीट काढून, रांगेत उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाहीच, असं तुम्ही म्हणालात तर माझ्याकडे तोडीस तोड काही नाही. एवढंच आहे की हेडफोनला जमीन नसते. तीस हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेअकरा मीटर लांब असते आणि आमचा हॉल आहे बारा बाय दहा फुटांचा. हेडफोनमधून कानाला तो सूर मिळतो, पाठीला मिळत नाही. मला पाठीला हवा होता.

आणि रात्र हवी होती. लहानपणी उरुसातल्या गाण्याला दर्ग्याच्या आवारात बाबांच्या मांडीवर झोपलेली मी. मधेच जाग यायची, कोणीतरी गात असायचं, परत झोप. सवाई गंधर्वच्या मंडपातही लोक पहाटेपर्यंत शाल पांघरून पेंगायचे आणि कोणाला त्यात अपमान वाटायचा नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर दहाला गाशा गुंडाळायचा, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत. नियमाबद्दल तक्रार नाही, डीजेच्या भिंतींनी माझ्याही खिडक्या हलल्यात. पण झोपत-जागत ऐकायची सोय गेली ती गेलीच. (बघा, परत मी आपल्या परंपरेच्या आडोशाला गेले. सवय.)

तर बर्लिन. मार्च २०१८. मेर्ट्झम्यूझिक महोत्सवाचा शेवट 'द लाँग नाऊ' नावाच्या कार्यक्रमाने व्हायचा. शनिवारी संध्याकाळी सुरू, रविवारी मध्यरात्री संपणार, तीस तासांच्या आसपास. जागा क्राफ्टवेर्क, म्हणजे शब्दशः वीजकेंद्र. साठच्या दशकात पूर्व बर्लिनला ऊब पुरवण्यासाठी बांधलेलं, १९९७ मध्ये बंद पडलेलं. नुसतं काँक्रीट, आणि वर बघितलं तर छत अंधारात हरवलेलं. आत शिरल्याबरोबर माझी नजर टर्बाइनच्या पायाच्या जागा शोधायला लागली. आणि सगळीकडे घडीच्या खाटा. लोक बूट काढून झोपलेले, उठलेले, वाचत पडलेले. मी सोलापुरी चादर नेली होती.

त्यासाठी रजा रोखीकरणाचे पैसे मोडले होते. व्हिसाच्या फाइलला सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, साहेबांचं ना-हरकत पत्र, तीस हजार युरोंचा विमा. प्रवासाचं कारण मी अर्ध्या पानात मनापासून लिहिलं होतं. खिडकीतल्या मुलीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, टुरिझम लिहू या का?"

त्या आठवड्यात एक गंमत चालली होती. जानेवारीपासून सर्बिया आणि कोसोवोच्या भांडणामुळे युरोपच्या ग्रिडमध्ये, म्हणजे देशादेशांना जोडणाऱ्या विजेच्या जाळ्यात, वीज कमी पडत होती आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या किंचित खाली राहिली होती. विजेच्या आवर्तनांवर चालणारी ओव्हनची, रेडिओची घड्याळं त्यामुळे मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली होती. मी राहिले त्या घरातलं ओव्हनचं घड्याळही मागे होतं. मालकीणबाईंना वाटत होतं ते बिघडलंय. मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. ग्रिड म्हणजे काय, तूट म्हणजे काय. त्या थक्क झाल्या. मी आठवडाभर मनातल्या मनात तरंगत होते, यांच्या देशातलं घड्याळ का चुकतं ते यांना मी सांगितलं म्हणून.

ज्या एका वादनासाठी मी सगळा खटाटोप केला होता ते पहाटे चारला होतं. वादकाचं नाव इथे लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. एकच्या सुमाराला आडवी झाले. मोबाइल बंद ठेवला होता, कारण भारतात पहाट झाली की ह्यांचा फोन येणार, 'जेवलीस का'. मनगटावर टायटन. पावणेचारचा गजर लावला, घड्याळ उशाशी घेतलं, चादर डोक्यावरून ओढली.

गजर झाला. उठून बसले. समोर कोणीतरी वाजवत होतं, फार खालचा एक सूर, त्यावर आणखी एक, जवळजवळ तोच पण तोच नाही, आणि दोन्हींच्या मधे संथ ठोका. मला वाटलं हा आधीचा माणूस, याचं संपत आलंय. मी केस बांधले. चष्मा पुसला. बाटलीतलं पाणी प्यायले. पंधरा मिनिटं आहेत म्हणून पायमोजे नीट घातले. पाचेक मिनिटांत ते थांबलं, टाळ्या झाल्या, जरा जास्तच वेळ झाल्या. मी सरसावून बसले, आता माझं. वीस मिनिटं तशीच ताठ बसून राहिले. आलं ते दुसरंच कोणीतरी.

शेजारच्या खाटेवर एक सत्तरीच्या बाई विणत बसल्या होत्या. त्यांना कागदावरचं नाव दाखवलं. त्यांनी मागे बोट केलं, संपलं. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी त्यांचं दाखवलं. तासाचा फरक. "झोमरत्साइट," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून सुई थांबवली. उन्हाळी वेळ. मार्चचा शेवटचा रविवार. रात्री दोनचे तीन होतात. सगळा युरोप त्या रात्री एक तास पुढे गेला आणि मी चादरीखाली मागे राहिले. त्या दिवशी विजेच्या मागणीचा आलेख कसा सरकतो हे मी प्रशिक्षणात कनिष्ठांना शिकवलेलं आहे.

रडले. मोठ्याने नाही. बाईंनी लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर ठेवला, धरायला. बहुधा दुसरं काय करावं त्यांना सुचलं नसेल. मी तो धरून उजाडेपर्यंत बसले.

घरी आल्यावर ह्यांनी विमानतळावरच विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "अप्रतिम." मुलीलाही तेच. ऑफिसात पेढे वाटून वर वर्णन करून सांगितलं. दोन सूर, मधे संथ ठोका. लोक म्हणाले, वा. ज्यांनी कधी ते ऐकायचं नव्हतं त्यांना मी न ऐकलेल्याचं वर्णन करत होते. म्हणून हेडफोनचा प्रश्न आला की मी एवढी फणकारायचे. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पावती होती.

कोणी आता म्हणेल, अगं, पण हे संगीत झोपण्यासाठीच होतं ना? खाटा त्यांनीच टाकल्या होत्या. पन्नास मिनिटांपैकी पंचेचाळीस तू झोपेत ऐकलंस, तेच तर खरं ऐकणं. हा युक्तिवाद मला सुचला नव्हता असं नाही. परतीच्या विमानातच सुचला, आणि इतका सोयीचा होता की त्याचा राग आला. झोपेत ऐकलेलं ऐकलेलं धरायचं तर बाबांच्या मांडीवर मी अर्धं किराणा घराणं ऐकलंय.

पण एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्या खान्यात टाकायची मला कळत नाही. त्या झोपेत मला स्वप्न पडलं होतं. मी रात्रपाळीला आहे आणि यार्डातल्या दोन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरचा सूर उतरतोय. तसं होऊ शकत नाही, वारंवारता उतरली तरच सूर उतरेल. तरी उतरतोय, अगदी हळू, आणि मी बॅटरी घेऊन त्याच्याकडे चालतेय, तेलाचं तापमान बघायला. भीती वाटत नाहीये. टाकीला तळहात लावला तर ती कोमट आहे. एवढंच. ते वादन होतं की माझं तीस वर्षांचं काम, कोण सांगणार? ध्वनिमुद्रण कुठे मिळालं नाही. मिळालं तरी घरी हेडफोनवर ऐकेन का, माहीत नाही.

२०२० मध्ये पुन्हा तिकीट काढलं होतं, त्या मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक. मग २०२३ ला भाचीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा न्यू यॉर्कमधलं यंग आणि त्याची बायको मारियान झझीला यांचं ड्रीम हाऊस पाहिलं. २७५ चर्च स्ट्रीट, १९९३ पासून तिथे आहे. पायताण बाहेर काढायचं, गालिच्यावर बसायचं, जांभळट-गुलाबी उजेड, आणि सूर न थांबता चालू. मान जरा वळवली की सूर बदलतो, कारण लाटा खोलीत जागच्या जागी उभ्या असतात आणि आपण त्यांच्यातून फिरतो. हे मला कळलंही आणि आवडलंही. तिथे मी दोन तास टक्क जागी होते. भाची मात्र दहा मिनिटांत झोपली, आणि उठल्यावर म्हणाली, "मावशी, भारी होतं." मला तिचा हेवा वाटला.

निरोप समारंभानंतरच्या त्या रात्री ह्यांना खरं सांगितलं. घड्याळाचं, पायमोज्यांचं, लोकरीच्या गुंड्याचं, सगळं. मला वाटलं पैशांवरून काही बोलतील. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी फोन करून उठवलं असतं."

फोन बंद होता, मी म्हटलं.

"हं." आणि जरा वेळाने, "पुढच्या वेळी मी येऊ का?"

हे घोरतात. तिथे चालतं का, चौकशी करायला हवी.