सरांचा अर्धा तास

आमच्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत गेल्या 22 वर्षांत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द फक्त एकदा आले आहेत, आणि तेही खोडलेले. खोडले मीच, सरांच्या समोर, कान लाल झालेले असताना.

चिटणीस म्हणून माझं ते पहिलंच वार्षिक संमेलन. हिशेब वाचून झाला, खजिनदारांनी ताळेबंद मांडला, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि मी सवयीने लिहून टाकलं, ‘सर्वानुमते मंजूर’. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं, तर मागच्या रांगेतून एक सडपातळ, किंचित वाकलेले गृहस्थ उठले.

“चिटणीसबाई, तुम्ही सगळ्यांचं मत विचारलंत का?”

“कुणी विरोध केला नाही, सर.”

“मग तेवढंच लिहा. कुणी बोललं नाही म्हणून सगळ्यांना पटलं, हे अनुमान झालं. आणि त्याची व्याप्ती कच्ची आहे.”

सभागृहात हशा पिकला. मला व्याप्ती म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं; अपमान म्हणजे काय ते मात्र चांगलं कळत होतं. हेच गृहस्थ माझ्या शेजारच्या घरात राहतात, आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये एकच भिंत आहे, हे आठवून तर आणखी जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सर, हातात पाठकोरा कागद. क्षमा वगैरे मागायला आले असतील असं वाटलं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. कागदावर त्यांनी एक डोंगर काढला होता आणि त्यातून निघणारा धूर. नैयायिकांचं, म्हणजे न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकांचं, हे जुनं उदाहरण. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. का? तर जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे आपण पाहिलेलं असतं. हीच व्याप्ती. “आता उलटं करा,” सर म्हणाले, “धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येईल?” मी म्हटलं, येईल की. त्यांनी डोंगराशेजारी एक गोळा काढला. “हा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. धूर आहे का? हात लावून बघता का?”

मग म्हणाले, “काल त्या सभागृहात असे निदान चार गोळे बसलेले होते.”

खरंच होते. पुढच्या दोन महिन्यांत चौघंही वर्गणीवरून भांडले. तो कागद मी वहीत ठेवून दिला.

आमचं मंडळ म्हणजे दोन इमारतींतली माणसं. वर्षातून एक संमेलन, त्यात हिशेब, मुलांचे कार्यक्रम, बक्षिसं, निरोप. सगळीकडे असतं तसंच. वेगळं काही होतं तर ते मुलांचे कार्यक्रम संपल्यानंतरचं, ज्याला सगळे ‘सरांचा अर्धा तास’ म्हणायचे. (तो अर्धा तास कधीही पन्नास मिनिटांच्या आत आटोपला नाही, हे चिटणीस म्हणून नमूद करते.) सर आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आले होते, पण इथे व्याख्यान द्यायला त्यांनी पहिल्यापासून साफ नकार दिला. ते एकच प्रश्न विचारत, मग खुर्ची घेऊन बाजूला बसत. नियमही एकच. ज्याला उत्तर द्यायचं असेल त्याने आधीच्या माणसाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायचं, आणि तो माणूस ‘बरोबर’ म्हणाला तरच पुढे बोलायचं. आधी पूर्वपक्ष, मग आपलं घोडं.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या वर्षी बारा जण उठले आणि त्यांतल्या नऊ जणांना ‘बरोबर’ मिळवता आलं नाही. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर सुनेचं म्हणणं चार वेळा मांडून पाहिलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, “बरोबर,” आणि आजोबा खाली बसून गेले. आपल्याला काय बोलायचं होतं तेच ते विसरले होते.

सभेत आवाज चढले की सर मिस्कीलपणे विचारत, “हा वाद आहे, जल्प आहे की वितंडा?” न्यायसूत्रांत, म्हणजे त्याच तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, हे तीन प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला बोलायचं तो वाद. काहीही करून जिंकायचं तो जल्प. आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही, समोरच्याची फक्त पाडायची, ती वितंडा. आपण मराठीत ‘वाद’ हा शब्द भांडणासाठी वापरून त्याची पार माती केली याची सरांना खंत होती. ‘वितंडवाद’ या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात कोंबल्या, असं म्हणत. जल्पात चालणारा छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरवणं, मुलांना सांगायला त्यांच्याकडे एक हमखास किस्सा होता, तोही जुन्या ग्रंथांतलाच. कुणी म्हणतं, या मुलाचं कांबळं नव आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे, एकच तर आहे! ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊ. त्या वर्षी इमारतीतल्या पोरांनी महिनाभर छल करून आईबापांना हैराण केलं. तक्रारी माझ्याकडे आल्या.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते घड्याळाचं वर्ष. सभागृहातलं भिंतीवरचं घड्याळ सहा वीसवर बंद पडलं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कार्यक्रम कधी सुरू होणार म्हणून कुणीतरी विचारलं, तर एका मुलाने वर पाहून सांगितलं, “सहा वीस झाले.” माझ्या मनगटावरही नेमके सहा वीसच झाले होते. सरांनी हे टिपलं. अर्ध्या तासाची वेळ झाली तशी त्या मुलाला पुढे बोलावलं. “तू सांगितलेली वेळ खरी होती. तुझा तिच्यावर विश्वास होता. विश्वासाला कारण होतं, घड्याळ. मग तुला वेळ ठाऊक होती का?” मुलगा म्हणाला, “हो.” “आणि घड्याळ बंद होतं तरी?” मुलगा घड्याळाकडे, मग सरांकडे, मग आईकडे बघायला लागला. पन्नास मिनिटं सभागृह पेटलं होतं. बंद घड्याळाचं हे उदाहरण ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1948 साली दिलेलं आहे, आणि 1963 साली एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून हाच पेच असा काही मांडला की ज्ञान म्हणजे काय यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, हे सरांनी सगळं संपल्यावर सांगितलं. नेहमी शेवटीच सांगायचे. आधी नावं सांगितली की माणसं विचार करायचं सोडून वह्या काढतात, असं त्यांचं मत होतं.

खजिनदार दुसऱ्या दिवशी घड्याळाचा सेल घेऊन आले, तर सरांनी वर्षभराची मुदत मागितली. ते घड्याळ तीन वर्षं बंदच राहिलं.

सर देवमाणूस वगैरे नव्हते. वर्गणी कधी वेळेवर दिली नाही. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. त्याला ते सदैव ‘अहो गृहस्थ’ म्हणत. एखाद्याचं बोलणं पोकळ वाटलं की चेहऱ्यावर ते लपत नसे आणि माणसं दुखावत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी त्यांचं हाडवैर म्हणावं असं काहीतरी होतं. काका यंत्रांचे अभियंता. ज्याचं मोजमाप होत नाही त्यावर बोलणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं त्यांचं रोखठोक म्हणणं आणि तरी दर वर्षी पहिल्या रांगेत, पहिला हात त्यांचा.

या दोघांची खरी झुंज जुंपली त्या वर्षी प्रश्न होता, मेलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडलं तर कुणाचं नुकसान होतं? सरांनी त्या वेळी नेहमीचा शिरस्ता मोडून स्वतःच बाजू घेतली. कुणाचंच नाही, म्हणाले. आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, हे एपिक्युरसचं म्हणणं त्यांनी मांडलं. मग ओघात त्या ग्रीक माणसाबद्दल सांगत सुटले. अथेन्समधली त्याची बाग, तिथे स्त्रिया आणि गुलामसुद्धा बरोबरीने शिकायचे, इ.स.पू. 270 च्या सुमारास तो गेला, आणि जाताना मृत्युपत्रात लिहून गेला की दर वर्षी माझा वाढदिवस साजरा करा आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमा, माझ्या आणि माझ्या मित्राच्या, मेट्रोडोरसच्या आठवणीसाठी.

काका ताडकन उठले. नियमाप्रमाणे पूर्वपक्ष मांडला, अगदी मोजक्या शब्दांत. सर ‘बरोबर’ म्हणाले. मग काकांनी विचारलं, “मेल्यावर काहीच उरत नाही तर या गृहस्थाला वाढदिवसाची पंचाईत कशाला?”

मी सरांना इतकं खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं. अक्षरशः टाळी वाजवली त्यांनी. “हाच आक्षेप रोमच्या सिसेरोने घेतला होता! इ.स.पू. 45 च्या सुमारास!” काकांना सिसेरो कोण ते ठाऊक नव्हतं, पण छाती फुगली. उत्तर मात्र सरांनी दिलं नाही. वेळ संपली, असं म्हणाले. वेळ संपली म्हणून ते थांबल्याचं हे एकमेव उदाहरण.

पुढच्या वर्षी अर्ध्या तासाच्या सुरुवातीलाच ते उभे राहिले. “गेल्या वर्षी मी चुकलो. चिटणीसबाई, लिहून घ्या.” वर्षभर त्यांनी तो आक्षेप डोक्यातून काढला नव्हता. म्हणाले, “मेलेल्याचं नुकसान होत नसेलही. पण वचन दोघांचं असतं, आणि दुसरा अजून खोलीत बसलेला असतो. मी एकाचाच हिशेब केला.” इतिवृत्तात ते वाक्य आहे. अध्यक्षांनी हरकत घेतली होती, मंडळाच्या कामकाजाशी याचा काय संबंध म्हणून. मी ठेवलं.

गॅलरीच्या भिंतीमुळे आमची मैत्री वाढली. रात्री उशिरापर्यंत मी ऑफिसचे हिशेब करत बसायचे, पलीकडे सर वाचत बसलेले असायचे. मधूनच भिंतीपलीकडून प्रश्न यायचा, “चिटणीसबाई, शून्याची बेरीज करताना तुम्ही काही करता की करत नाही?” मी म्हणायचे, “सर, झोपा.” माझे वडील गेले त्या आठवड्यात मात्र प्रश्न आला नाही. सर रोज रात्री गॅलरीत येऊन भिंतीच्या त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि पान उलटल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. एका रात्री मला झोप लागून गेली. पहाटे जाग आली तेव्हा पलीकडे दिवा चालूच होता.

गेल्या वर्षीच्या संमेलनाला ते येऊ शकले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पलंगाशेजारी बसून इतिवृत्त वाचलं. डोळे मिटून ऐकत होते. एके ठिकाणी बोट वर केलं. मी ‘उत्साहात पार पडले’ असं लिहिलं होतं. “कुणाच्या?” एवढंच विचारलं. मी खोडलं.

मग त्यांनी एपिक्युरसचं राहिलेलं सांगितलं. शेवटच्या दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं होतं. लघवी अडल्याच्या वेदना असह्य आहेत, याहून जास्त असूच शकत नाहीत. पण आपण मारलेल्या गप्पा आठवल्या की त्या आनंदापुढे त्या उभ्या राहत नाहीत. “मी वर्गात हे तीस वर्षं सांगितलं,” सर म्हणाले, “आणि दर वेळी वाटायचं, गडी जरा वाढवून सांगतोय.”

“आणि आता?”

“आता कळतंय, वाढवून सांगत होता. पण फार नाही.”

त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले.

या वर्षीचं संमेलन व्हावं की नाही यावरच बैठक झाली. झालं. श्रद्धांजलीच्या ठरावाचा मसुदा माझ्याकडे होता. दहा कागद फाडल्यावर एक लिहून झाला, त्यातही ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ दोनदा येऊन गेली होती, ती काढली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी वाचायला सुरुवात केली, “आपल्या सर्वांचे लाडके…”

“विरोध नोंदवा.”

तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. सभागृहात चिडीचूप. कुणीतरी त्यांना हाताला धरून खाली बसवायला लागलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

“लाडके होते याला हरकत नाही. ‘सर्वांचे’ याला आहे. मी त्यांच्याशी इतकी वर्षं भांडलो. त्यातली निम्मी वर्षं मला तो माणूस मुळीच आवडत नव्हता. हे वाक्य त्यांनी जाऊ दिलं नसतं.” त्यांचा आवाज नीट येत नव्हता.

काय करावं ते अध्यक्षांना सुचेना. तेवढ्यात काकू उठल्या. “आधी पूर्वपक्ष मांडते,” त्या म्हणाल्या. “तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला ते निम्मी वर्षं आवडत नव्हते, म्हणून ‘सर्वांचे’ हे खोटं ठरतं. बरोबर?”

“बरोबर.”

“माझं अनुमोदन आहे. मलाही निम्मीच वर्षं.”

आधी एकजण हसला, मग सगळेच. काका रुमाल काढून चष्मा पुसत बसले, बराच वेळ. मी वहीत लिहिलं: ‘सर्वांचे’ हा शब्द वगळून ठराव मंजूर. त्याखाली लिहिलं: एक विरोध नोंदवला गेला, तो मान्य झाला. आणि मग अर्ध्या तासाची वेळ झाली, तसे काका खुर्ची घेऊन बाजूला जाऊन बसले.