डब्याची पोच

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा रात्री पावणेअकराला फोन आला तेव्हाच कळलं काहीतरी गडबड आहे, कारण मावशी एरवी मिस्ड कॉलच्या पुढे जात नाहीत. "ताई, पोराला पोलीस घेऊन गेलेत, डबा देऊन आले पण भेटू देत नाहीत." डिसेंबरातला शुक्रवार होता. पोरगा बावीस वर्षांचा, सुतारकाम करतो, कोथरूडला एका फ्लॅटचं फर्निचर चालू होतं, तिथल्या कपाटातून सोन्याच्या बांगड्या गेल्या आणि कामावरच्या चौघांतला हा एकटाच उचलला. पोलीस स्टेशन पुण्यातलंच आहे, नाव लिहीत नाही.

मी वकील आहे, सहा वर्षं झाली, पण माझी कामं म्हणजे फॅमिली कोर्ट आणि चेक बाऊन्स. रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभी राहिलेय चार-पाच वेळा, तेही माझ्या सीनियर सरांच्या मागे फाईल धरून. त्यामुळे रात्रभर झोपले नाही, मोबाईलवर कलमं वाचत बसले, सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, पाठ होती आणि आता तिच्या जागी बीएनएसएस आलंय, १ जुलै २०२४ पासून सगळे नंबर बदललेत, नोटिशीचं जुनं ४१अ म्हणजे नवं ३५(३), रिमांडचं जुनं १६७ म्हणजे नवं १८७, अजूनही तोंडात जुनंच येतं.

शनिवारी सकाळी अकराला गेले. ठाणे अंमलदार, म्हणजे स्टेशनच्या टेबलावरचे ड्युटीवाले, चहा पीत होते, माणूस वाईट नव्हता.

"अटक कुठे केलीय मॅडम, चौकशीला बसवलंय नुसतं."

"अटक नाही ना, मग घरी घेऊन जाते."

"असं कसं? साहेब राउंडला गेलेत, ते आल्याशिवाय नाही सोडता येणार."

बरं मग वकील म्हणून पाच मिनिटं भेटू द्या म्हटलं, कलम ३८ आहे, चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही पण भेटता येतं. तर म्हणे, "ते अटक झालेल्यांसाठी असतं मॅडम. ह्याला अटकच नाही."

घ्या! अटक नाही म्हणून वकील नाही, आणि अटक नाही तरी घरी जायचं नाही. अटक केली की कारणं लेखी द्यावी लागतात, घरच्यांना कळवावं लागतं, मेडिकल करावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, हे शेवटचं तर संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे. पण 'बसवलंय' म्हटलं की यातलं काहीच सुरू होत नाही. म्हणजे रिक्षा पळवायची पण मीटर टाकायचा नाही. कायद्याच्या पुस्तकात 'बसवणे' हा प्रकार कुठेच नाही, नोटीस देऊन बोलवा नाहीतर अटक दाखवा. आणि आपल्याच मुंबई हायकोर्टाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका केसमध्ये सांगून ठेवलंय की माणसाला जाऊ द्यायचं बंद केलं तिथूनच अटक सुरू, अधिकाऱ्याने कागदावर कुठली वेळ टाकली त्याने फरक पडत नाही. हे सगळं मी त्या टेबलासमोर बोलले का? नाही बोलले. घसा कोरडा पडला होता.

बोलले ते वेगळ्याच गोष्टीवर. बाकड्यावर मावशींचे मिस्टर बसले होते, वॉचमन आहेत, रात्रपाळी करून सकाळी सातपासून तिथेच, "माहिती द्यायला" बोलावलं होतं. वय त्रेसष्ट. मी म्हटलं साठच्या वरच्या माणसाला असं पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, घरी जाऊन विचारायचं. हवालदार लगेच म्हणाले, "पासष्ट, मॅडम. पासष्ट." आणि ते जुन्या कायद्याप्रमाणे बरोबरच होते हो, सीआरपीसीच्या १६० मध्ये पासष्टच होतं, नव्या १७९ मध्ये ते साठ केलंय, बायका आणि पंधराच्या आतली पोरं आधीपासून होतीच, आता गंभीर आजारी माणूसही त्यात आलाय. मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून ओठ हलवत पूर्ण वाचलं, मग मोबाईल परत देत म्हणाले, "बाबा, जावा तुम्ही घरी." दिवसभरात मिळालेलं तेवढंच यश. बाबा मात्र गेटबाहेर जाऊन उभे राहिले, घरी काही गेले नाहीत.

पोराच्या डिटेन्शनबद्दल हाताने अर्ज लिहिला, पोच मागितली. "साहेब आले की देतो पोच." दुसऱ्यांदा मागितली, तेच. सरांना फोन लावला तर सर नातीच्या गॅदरिंगला, मागे ढोल वाजत होते, त्यातून एवढंच ओरडले, "वेळ पकड! बाकी सगळं नंतर!" मग समोरच्या अमृततुल्य चहावाल्याकडे बसून अर्जाचा फोटो पोलीस स्टेशनला आणि कमिशनर ऑफिसला ईमेल केला. १२:४०. हा सल्ला कुणालाही देईन, पोच देत नसतील तर ईमेल टाका, ईमेलची वेळ कुणाला मागे-पुढे करता येत नाही.

तिथून वारज्याला त्याच्या वर्कशॉपवर. समोर हार्डवेअरचं दुकान, बाहेर कॅमेरा. दुकानदार आधी तयारच होईना, उद्या पोलीस माझ्याकडे यायचे म्हणे, आणि त्याचं काय चुकलं. शेवटी मावशी काही न बोलता नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने स्क्रीन चालू केली. दिसलं, साध्या कपड्यातले दोघं डीबीवाले, म्हणजे स्टेशनच्या तपास पथकातले पोलीस, पोराच्या हातात अजून रंधा, तो ठेवायला वळतो तर एकजण दंड धरतो, रंधा तसाच हातात घेऊन पोरगा बाईकवर मधे बसतो. स्क्रीनवर वेळ ७:२६. पण त्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं, घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं, म्हणून माझा मोबाईल स्क्रीनशेजारी धरून मावशींच्या मोबाईलवर दोन्हीचा एकत्र फोटो काढला. म्हणजे खरी वेळ शुक्रवार संध्याकाळी ७:१४.

रविवारी शिवाजीनगरला सुट्टीचं कोर्ट. रिमांडचा कागद हातात आला त्यात अटक शनिवार रात्री ९:३०. दुपारचे साडेतीन वाजले होते, म्हणजे कागदावर अठरा तास आणि खरे चव्वेचाळीस. अटकेची कारणं लेखी दिली होती हे मान्य करते, नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळी हिट अँड रनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कुठलाही गुन्हा असो, कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची आणि रिमांडच्या निदान दोन तास आधी, तेव्हापासून तो कागद फाईलला लागायला लागलाय. पण कारण काय तर "आरोपी तपासात सहकार्य करत नाही". घरातल्या चोरीला शिक्षा सात वर्षांपर्यंत, अशा गुन्ह्यात आधी नोटीस, अटक करायचीच तर ती का लागते ते लिहा, हे २०१४ च्या अर्नेश कुमारच्या निकालापासून चालत आलंय, पण ते एक वाक्य प्रत्येक फाईलमध्ये तसंच असतं.

पोराला दोन मिनिटं विचारता आलं. मारलं का? "नाय. फक्त झोपू दिलं नाय." कशावर सही केलीस? "चार कागद. म्हणले सही कर आणि जा." पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला कोर्टात किंमत नसते हे सांगितलं, त्याला काही समजलं नसावं, लाकडाचा भुसा अजून केसांत होता.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? आणि तो नेहमीचंच बोलला, नाही. मागे एका हातावर हवालदार उभा असताना कोण हो म्हणणार आहे. मी अर्ज दिला, फोटो दिला, वेळ वेळ करत माझा आवाज चिरका झाला, मॅडम वाचत होत्या, वर बघितलं नाही. मग पेन खाली ठेवून त्यांनी पोरालाच विचारलं, "जेवलास का रे?"

"हो मॅडम. काल पिठलं होतं, परवा मेथी. दोन्ही डबे घरून आले."

"परवाचा डबा कुठे आला?"

"तिथंच. पोलीस स्टेशनला."

आयओंनी, म्हणजे तपास अधिकाऱ्यांनी, एपीपींकडे, म्हणजे सरकारी वकिलांकडे बघितलं, एपीपींनी फाईलमध्ये. मी दोन दिवस डीव्हीआरचं घड्याळ जुळवत होते आणि डबा माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता, मावशींनी पहिल्याच फोनवर सांगितलेला!

पी.सी.आर. म्हणजे पोलीस कोठडी नाकारली, पंधरा हजारांच्या पी.आर. बॉण्डवर, म्हणजे जातमुचलक्यावर सोडलं, तपासाला बोलावतील तेव्हा हजर राहायची अट. ठाणे दैनंदिनी, म्हणजे पोलीस स्टेशनची रोजची नोंदवही, आणि दोन दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज सादर करा अशी ऑर्डर. फुटेजचं उत्तर नंतर आलं की कॅमेरा त्या दिवशी नादुरुस्त होता. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या पोलीस स्टेशनांत कॅमेरे आणि अठरा महिन्यांचं रेकॉर्डिंग सांगितलं होतं, ते नमूद करून अर्ज टाकलाय, तारखा पडतायत.

बांगड्या अजून सापडल्या नाहीत. त्याने घेतल्या का, हे मी त्याला विचारलं नाही, मावशींनी विचारलं असेल. फ्लॅटवाल्यांनी अर्थातच दुसरा सुतार लावला.

आठवड्याने मावशी म्हणाल्या, ताई, तेवढा डबा आणाल का, स्टीलचा आहे, तीन पुडाचा, आम्हाला तिकडे जायला नको वाटतं. गेले. तेच ठाणे अंमलदार. त्यांनी टेबलाखालून डबा काढला, स्वच्छ घासलेला, झाकणावर झाकण व्यवस्थित. मी घेऊन निघाले तर म्हणाले, "थांबा मॅडम, असा नाही देता येत," आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"इथे सही करा. तारीख टाका, आणि वेळ पण टाका."